हिरवे दिसले म्हणजे जमीन सुधारली का?

कुंडलिका नदी जालना शहराचे दोन भाग करते. नदीच्या एका अंगाला जुना जालना, दुसऱ्या अंगाला नवीन जालना. नवीन जालन्याच्या नळांना वर्षानुवर्षे पाणी आले ते मुख्यतः घाणेवाडीच्या तलावातून. निजामाच्या राजवटीत, १९३०च्या दशकात हा तलाव बांधला गेला. शहरापेक्षा तो उंचावर असल्याने त्याचे पाणी पंपाशिवाय, निव्वळ उताराने शहरात यावे अशी योजना होती. विजेचा खर्च नाही, यंत्र बिघडण्याची भीती नाही. असा हा तलाव २०१२-१३च्या दुष्काळात कोरडा पडला. तळाशी उघडा पडला तो गाळ, अनेक दशकांचा साचलेला.

शहरातल्या नागरिकांनी आणि उद्योजकांनी पुढाकार घेऊन त्या सुमाराच्या वर्षांत हा गाळ उपसला. शेतकऱ्यांनी तो ट्रॅक्टरने नेऊन आपल्या शेतात पसरला. तलावाची खोली वाढावी आणि शेताला माती मिळावी, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. पण येथे थांबून एक साधा प्रश्न विचारायला हवा. हा गाळ मुळात आला कुठून?

उत्तर सर्वांना ठाऊक आहे. तो वरच्या शिवारांतून आला. गाळ म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी शेतातली माती. तलावाला जे नको असते तेच शेताने गमावलेले असते. जमिनीची धूप हा शब्द आपण भूगोलाच्या तासाला शिकवतो, पण त्याचे इतके ढळढळीत उदाहरण फळ्यावर काढता येत नाही.

एक छोटा हिशेब

धूप किती होते याची कल्पना येण्यासाठी एक आकडा घेऊ. १९८३ साली भारतीय मृदासंधारण शास्त्रज्ञांनी देशभरातल्या नोंदींवरून एक सरासरी काढली. दर हेक्टरी दर वर्षी सुमारे १६ टन माती आपली जागा सोडते, असा तो अंदाज होता. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. एक घनमीटर माती साधारण १.३ टन भरते असे धरले, तर १६ टन म्हणजे सुमारे १२ घनमीटर माती झाली. ती हेक्टरभर पसरली तर थर किती जाड होईल? जेमतेम सव्वा मिलिमीटर. विद्यार्थ्यांना हे गणित जरूर करायला द्यावे.

सव्वा मिलिमीटर कोणाच्या डोळ्यांना दिसणार? शेतकऱ्यालाही एका वर्षात दिसत नाही. मात्र वीस वर्षांत हाच थर इंचभर होतो. ज्या माळरानावर मुळात वीतभरच माती आहे, तेथे काही पिढ्यांत खालचा मुरूम डोके वर काढतो. जालना जिल्ह्यात पाऊस सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पडतो, आणि त्यातला बराचसा मोजक्या जोरदार सरींत कोसळतो. खाली बेसाल्टचा खडक, त्यावर मुरूम आणि त्यावर माती. नदीकाठी ही माती काळी, भारी आणि खोल, तर चढावर हलकी आणि उथळ. सरींचा मारा उघड्या रानावर बसला की माती आधी जाते ती या चढावरची.

म्हणजे जमिनीचा ऱ्हास इतका सावकाश होतो की एका माणसाच्या नजरेत तो भरत नाही. शिवाय तो विस्तृत असतो, त्यामुळे एका बांधावर उभे राहून तो पुरता कळतही नाही. त्यासाठी दोन गोष्टी हव्यात. पुष्कळ उंचावरून पाहणारी नजर आणि पुष्कळ वर्षे टिकणारी आठवण. उपग्रहांनी या दोन्ही गोष्टी दिल्या. त्या कशा मिळाल्या, आणि त्यांच्यावर किती भरवसा ठेवावा, हे आता पाहू.

फुग्यापासून उपग्रहापर्यंत

भारतातली जमीन शास्त्रशुद्ध मोजण्याचे मोठे काम १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन याने सुरू केले. साखळ्या आणि थिओडोलाइट घेऊन त्रिकोणामागून त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे निघाला आणि १८२३ साली वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट येथे काम करतानाच मरण पावला. ही मोजणी अचूक होती, पण ती जमिनीवर उभे राहून केलेली. पुढे १८५८ साली नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने फुग्यात बसून पॅरिसजवळ आकाशातून छायाचित्र घेतले. विमाने आल्यावर हे तंत्र झपाट्याने वाढले.

आपल्याकडची सुरुवात मोठी रंजक आहे. केरळात नारळाच्या झाडांना मूळकूज नावाच्या रोगाने ग्रासले होते. प्रा. पिशारोटी यांच्या मार्गदर्शनाखाली १९७०च्या सुमारास हेलिकॉप्टरमधून, अवरक्त किरण टिपणाऱ्या फिल्मवर या बागांची छायाचित्रे घेण्यात आली. निरोगी आणि रोगट झाडे त्यांत वेगळी ओळखता आली. भारतातल्या दूरसंवेदनाचा प्रारंभ या प्रयोगापासून मानला जातो, आणि पिशारोटींना या शास्त्राचे आपल्या देशातले जनक म्हणतात.

त्यानंतर २३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेने पृथ्वीच्या साधनसंपत्तीच्या पाहणीसाठी पहिला उपग्रह सोडला. त्याला पुढे लँडसॅट-१ हे नाव मिळाले. ही तारीख महाराष्ट्रातल्या माणसाने नीट वाचावी. १९७२चा जुलै म्हणजे आपल्याकडे पाऊस दडी मारून बसलेला महिना. बहात्तरचा दुष्काळ अजूनही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. खडी फोडायला गेलेली कुटुंबे, मिलोची भाकरी, सुकडी आणि रोजगार हमीची कामे. माणसे खाली नालाबांध आणि पाझर तलाव खोदत होती त्याच दिवसांत पृथ्वीच्या साधनसंपत्तीची पाहणी करणारा पहिला उपग्रह डोक्यावरून जाऊ लागला होता. जमिनीची आकाशातली नोंदवही आपल्या सर्वात मोठ्या दुष्काळापासून सुरू होते, हा योगायोग म्हटला तरी अभ्यासाच्या दृष्टीने तो फार मोलाचा आहे.

यानंतरचे टप्पे थोडक्यात सांगतो. १९७९पासून हैदराबादजवळच्या शादनगर येथील केंद्रात लँडसॅटचे संदेश थेट उतरवून घेता येऊ लागले. १७ मार्च १९८८ रोजी भारताचा पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए सोव्हिएत संघातल्या बैकानूर येथून कक्षेत गेला. त्याच वर्षी नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले. डिसेंबर १९९५मध्ये आयआरएस-१सी आला.

या प्रगतीचा अर्थ आपल्या गुंठ्यात सांगता येतो. उपग्रहाचे चित्र ठिपक्यांनी बनते, आणि एका ठिपक्याच्या आत काय चालले आहे ते वेगळे दिसत नाही. लँडसॅट-१चा ठिपका सुमारे ८० मीटर बाजूचा, म्हणजे दीड एकराहून थोडा मोठा. आयआरएस-१एच्या चांगल्या कॅमेऱ्याचा सुमारे ३६ मीटरचा, म्हणजे तेरा गुंठ्यांचा. आयआरएस-१सीचा रंगीत ठिपका साडेतेवीस मीटरचा, म्हणजे साडेपाच गुंठ्यांचा. २०१५नंतर आलेल्या युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचा ठिपका १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा. बहात्तर साली उपग्रहाला माळ दिसत होता. आता शेत दिसते, शेतातले तळे दिसते आणि बांधावरच्या झाडांची रांगही दिसते.

पान उपग्रहाला कसे दिसते?

आपल्याला पान हिरवे दिसते, कारण त्यातले हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश शोषून घेते आणि हिरवा काही प्रमाणात परत पाठवते. पण पान आणखी एक प्रकाश फार मोठ्या प्रमाणात परत पाठवते. तो म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश. पानाच्या आतल्या पेशींची विरळ रचना त्याला कारण होते. उपग्रहाचा कॅमेरा हे दोन्ही प्रकाश वेगवेगळे मोजतो.

समजा भरघोस पिकाने तांबड्या प्रकाशाचे ५ टक्के आणि अवरक्त प्रकाशाचे ४५ टक्के परावर्तन केले. दोहोंतला फरक ४०, बेरीज ५०. फरकाला बेरजेने भागले की ०.८ येते. उघड्या रानाने तांबडा २० टक्के आणि अवरक्त २५ टक्के परत पाठवला, तर फरक ५, बेरीज ४५ आणि उत्तर ०.११. या भागाकाराला वनस्पती निर्देशांक म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो एनडीव्हीआय या नावाने ओळखला जातो. लँडसॅटच्या चित्रांवर १९७३ साली टेक्सासमधल्या शास्त्रज्ञांनी त्याचा वापर सुरू केला. पाचवीतल्या मुलाला करता येईल असा हा भागाकार आज जगभरातल्या हिरवाईचा हिशेब ठेवतो.

पाणी अवरक्त प्रकाश जवळजवळ सगळा गिळते, म्हणून त्या चित्रात तलाव काळा दिसतो आणि त्याची कड स्पष्ट उमटते. याचा एक सुंदर उपयोग आहे. तलाव भरलेला असताना, अर्धा असताना आणि आटताना अशा वेगवेगळ्या तारखांची चित्रे घ्यायची. प्रत्येक तारखेला पाण्याची पातळी किती होती हे नोंदवहीत असतेच. पातळी आणि पसारा जुळवला की तलावाचा आजचा आकार कळतो. तो बांधला त्या वेळच्या नकाशाशी ताडून पाहिला की मध्यंतरी किती गाळ भरला ते निघते. राज्यातल्या अनेक जलाशयांचा गाळ या पद्धतीने मोजला गेला आहे. म्हणजे आकाशात राहून तलावाच्या तळाचा अंदाज घेता येतो. मात्र पाणी जितके खाली उतरेल तितकाच तळ या पद्धतीला कळतो. सदैव पाण्याखाली असलेल्या भागासाठी होडीतून मोजणी करावीच लागते.

सहाराची गोष्ट

येथवर सारे सोपे वाटते. हिरवे वाढले तर जमीन सुधारली, कमी झाले तर बिघडली. पण या सरळ वाटेवर जगातले मोठे शास्त्रज्ञही घसरले आहेत, आणि ती हकिकत जालन्याच्या माणसाला उपयोगी आहे.

१९७५ साली सुदानमध्ये एक पाहणी झाली. सतरा वर्षांपूर्वीच्या नकाशाशी तुलना करून निष्कर्ष काढला गेला की, सहाराचे वाळवंट या काळात ९० ते १०० किलोमीटर दक्षिणेकडे सरकले आहे. भागाकार करून ‘दर वर्षी साडेपाच किलोमीटर’ हा आकडा निघाला आणि तो जगभर फिरला. वाळवंट चालून येत आहे हे चित्र लोकांच्या मनात ठसले.

पुढे कॉम्प्टन टकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवामान उपग्रहांची १९८० ते १९९० अशी सलग चित्रे तपासली. १९९१ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९८० ते १९८४ या कोरड्या वर्षांत वाळवंटाची सीमा दोनशेहून अधिक किलोमीटर दक्षिणेला गेली होती. पाऊस सुधारल्यावर पुढच्या दोनच वर्षांत त्यातले बरेचसे अंतर ती मागे हटली. सीमा पुढे-मागे होत होती, पावसाबरोबर. आधीच्या पाहणीत एक टोक बऱ्या पावसाच्या काळातले आणि दुसरे दुष्काळातले होते, त्यामुळे दुष्काळालाच ऱ्हास समजले गेले.

हे मराठवाड्याला तंतोतंत लागू पडते. २०१२ची हिवाळी चित्रे आणि २०१३ची हिवाळी चित्रे शेजारी ठेवली तर एखाद्याला वाटेल की जालना जिल्ह्याची जमीन एका वर्षात सुधारली. जमीन एका वर्षात सुधारत नाही. पाऊस बरा झाला, इतकेच. दुष्काळ हा ताप आहे आणि ऱ्हास हा क्षय. ताप चढतो-उतरतो, पण क्षय आतून पोखरतो. दोहोंत फरक करायचा तर एकदोन चित्रे पुरत नाहीत. पंधरा-वीस वर्षांची रांग लागते, आणि प्रत्येक वर्षाच्या हिरवाईला त्या वर्षीच्या पावसाशी ताडून पाहावे लागते. सारखाच पाऊस पडूनही पूर्वीपेक्षा कमी उगवत असेल, तरच ऱ्हासाची शंका घ्यावी.

व्याख्येचा घोळ वेगळाच. १९८०च्या दशकात देशात पडीक आणि बिघडलेली जमीन किती, यावर तीन उत्तरे होती. कृषी मंत्रालयाचे साडेसतरा कोटी हेक्टर, एका स्वयंसेवी संस्थेचे सुमारे तेरा कोटी आणि उपग्रहचित्रांवरून राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेचे सव्वापाच कोटींच्या आसपास. देश तोच होता, शब्दाचा अर्थ वेगळा होता. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने नंतर एकाच व्याख्येने, एकाच पद्धतीने पुनःपुन्हा मोजणी केली. २००३-०५ साली ९ कोटी ४५ लाख हेक्टर, २०११-१३ साली ९ कोटी ६४ लाख आणि २०१८-१९ साली ९ कोटी ७८ लाख. म्हणजे देशाच्या क्षेत्राचा सुमारे ३० टक्के भाग. एकाच मापाने मोजल्यामुळे या तीन आकड्यांची तुलना तरी करता येते.

कडवंचीचा पाणलोट

आता सुधारणेकडे वळू. जालना तालुक्यातले कडवंची हे गाव महाराष्ट्रात पुष्कळांना माहीत आहे. भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात येथे काम सुरू झाले. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने आणि विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने ते गावाबरोबर उभे केले. पाणलोटाचे क्षेत्र अठराशे हेक्टरांहून थोडे अधिक. माथ्यापासून पायथ्यापर्यंत सलग समतल चर, बांधबंदिस्ती, नालाबांध असा क्रम होता. श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी या अटी गावाने स्वीकारायच्या होत्या. पुढे ठिबकवरच्या द्राक्षबागा आणि शेततळी आली. २०१२-१३च्या दुष्काळात आसपासची शिवारे होरपळत असताना येथे बागा टिकल्या, आणि राज्यभरातून लोक गाव पाहायला येऊ लागले.

अशा कामाचे मोजमाप उपग्रहाने कसे करावे? कामाआधीचे आणि कामानंतरचे चित्र एवढ्यावर भागत नाही, कारण पाऊस वेगळा असतो. म्हणून जोडीची पद्धत वापरतात. शेजारचे, तशाच मातीचे, तितक्याच पावसाचे, पण काम न झालेले शिवार जोडीला घ्यायचे. दोहोंची वर्षानुवर्षांची रांग लावायची. कामानंतर पहिले शिवार दुसऱ्यापेक्षा हळूहळू हिरवे होत गेले आणि दुष्काळी वर्षातही हा फरक टिकला, तर तो कामाचा परिणाम म्हणता येतो.

महिनाही महत्त्वाचा. पावसाळ्यात ढगांमुळे साध्या कॅमेऱ्याला खालचे दिसत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे चित्र खरिपाचा शेवट आणि माळावरचे गवत दाखवते. जानेवारीतले हिरवे म्हणजे बहुधा ओलिताखालचे रान. मे महिन्यातले हिरवे म्हणजे झाडे आणि बागा. या तीन चित्रांतून शिवाराची वर्षाची दिनचर्या वाचता येते.

तरीही शीर्षकातला प्रश्न उरतोच. मे महिन्यात हिरवी दिसणारी बाग पाणलोटात मुरलेल्या पाण्यावर उभी आहे की दोनशे फूट खोल विंधन विहिरीच्या पाण्यावर? उपग्रहाच्या दृष्टीने दोन्ही ०.७. एक भरलेल्या खात्यातून केलेला खर्च, दुसरा कर्ज काढून केलेला. शेततळ्यांचेही तसेच. पावसाचे पाणी साठवणारे शेततळे हा आधार आहे. पण प्लॅस्टिकचा कागद अंथरलेले तळे विहीर उपसून भरले, तर जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी आपण उन्हात वाळत घातले असे होते. महाराष्ट्रात शेततळ्यांचा असा वापर वाढल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. गुरुत्वाकर्षणातल्या फरकावरून भूजलाचा अंदाज घेणारे उपग्रह २००२पासून आहेत, पण त्यांना शेकडो किलोमीटरचा मुलूख एकत्र दिसतो, एखादे गाव नाही.

माळाचेही तसेच आहे. चराई थांबली की गवत वाढते आणि निर्देशांक चढतो. पण ते गवत कोणते? दख्खनच्या चांगल्या कुरणात पवन्या आणि मारवेल असतात. कुरण बिघडले की कुसळीचे राज्य येते. वेडी बाभूळ आणि घाणेरीही हिरव्याच दिसतात. उपग्रहाला हिरवाईचे प्रमाण कळते, तिची जात सहसा कळत नाही. गुराख्याला ती चटकन कळते.

आपल्या शाळेतून

२००८ साली लँडसॅटचा सारा जुना संग्रह सर्वांना मोफत खुला झाला, आणि २००९पासून इस्रोचे ‘भुवन’ संकेतस्थळ आहे. म्हणजे पूर्वी फक्त मोठ्या संस्थांकडे असलेली जमिनीची नोंदवही आता शाळेतल्या संगणकावर उघडता येते. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांबरोबर एक प्रकल्प जरूर करून पाहावा. आपल्या गावाची, एकाच महिन्यातली, चार-पाच वेगवेगळ्या वर्षांची चित्रे घ्यावीत. त्या वर्षांचा तालुक्याचा पाऊस तहसील कार्यालयातून मिळवावा आणि तो आलेखावर मांडावा. जेथे बदल दिसेल तेथे मुलांनी प्रत्यक्ष चालत जावे. मातीत खुरपे घालून मुरूम किती खोलीवर लागतो ते मोजावे. विहिरीत मे महिन्यात किती पाणी असते ते विचारावे. आणि बहात्तरचा दुष्काळ पाहिलेले कोणी आजी-आजोबा गावात असतील, तर त्यांना चित्र दाखवून ऐकावे. ही माणसे आता थोडी उरली आहेत. उपग्रहाची नोंद आणि त्यांची आठवण एकाच वर्षापासून ताडून पाहण्याची संधी आणखी फार काळ मिळणार नाही.

शेवटी पुन्हा घाणेवाडीकडे येऊ. तलावातून काढलेला गाळ ज्या शेतात पडला, ते शेत पुढच्या हंगामात आकाशातून थोडे अधिक हिरवे दिसले असेल. पण चढावरच्या ज्या शेतातून ती माती आली, तेथे बांध पडला का, चर खोदले गेले का, माती थांबली का? तेथे काही झाले नसेल, तर तलाव पुन्हा भरेल, पाण्याऐवजी गाळाने. म्हणून नवीन जालन्याच्या नळाचा विचार करताना नजर तलावापाशी थांबून चालत नाही. ती वरच्या शिवारापर्यंत न्यावी लागते. उपग्रह ती तेथवर नेऊन पोचवतो. तेथून पुढे खुरपे हातात घेऊन आपल्यालाच चालावे लागते.